शेंदूर, मुलतानी, संगजिरं: दगडाची पूड तोंडाला लावण्याआधी

गेल्या दसऱ्याला माझ्या भाचीचं ठाण्याहून पार्सल आलं. आत किलोभर लाल माती, किलोभर पांढरी माती आणि एका छोट्या डबीत चंदेरी पूड. पाठोपाठ फोन.

"आत्या, मिळालं का? मी ओठांचे रंग आणि फेसपॅक करून विकणार आहे. सगळं शंभर टक्के नॅचरल आहे. तू जरा बघून सांग ना, चांगलं आहे का."

मी म्हटलं, "अगं, शिसंसुद्धा शंभर टक्के नॅचरलच असतं. आणि नुसतं बघून मला काय कळणार?"

तिला वाटलं मी टाळते आहे. पण मी बावीस वर्षं एमआयडीसीतल्या एका पावडरच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला काढली आहेत, रोज गोण्या फोडून सॅम्पलं घेतली आहेत. तिथे पहिल्या महिन्यातच हे डोक्यात बसलं की खनिजाची पूड बघून, हुंगून किंवा चिमटीत चोळून कळत नाही. पाच पीपीएम शिसं असलेली माती आणि पन्नास पीपीएम शिसं असलेली माती शेजारी शेजारी ठेवलीत तर मीही ओळखू शकणार नाही. मग ओळखायचं कशावरून, हे त्या दिवशी तिला दीड तास फोनवर सांगितलं. तेच इथे लिहून काढते आहे. घरी उटणं-पॅक करणाऱ्यांना उपयोगी पडेल, आणि नुसतं विकत घेणाऱ्यांनाही.

खडक एकटा येत नाही

आपल्याला वाटतं भेसळ म्हणजे कुणीतरी व्यापाऱ्यानं मुद्दाम काहीतरी मिसळलं. खनिजांच्या बाबतीत बऱ्याचदा तसं नसतं. घाण खाणीतूनच बरोबर येते.

संगजिरं घ्या. संगजिरं म्हणजे टाल्क, आपल्या पावडरच्या डब्यातला मुख्य माल. खनिजांत सगळ्यात मऊ, नखानं ओरखडा पडतो. मॅग्नेशियम असलेला खडक जमिनीखाली उष्णतेनं, दाबानं आणि गरम पाण्यानं बदलत गेला की संगजिरं तयार होतं. पण नेमक्या त्याच परिस्थितीत ट्रेमोलाइट, अँथोफिलाइट, क्रायसोटाइल ही खनिजंही तयार होऊ शकतात, आणि ती तंतुमय झाली की त्यांनाच आपण अ‍ॅस्बेस्टॉस म्हणतो. एकाच खाणीत एक पट्टा स्वच्छ असतो आणि दहा फुटांवरचा नसतो.

जस्ताचंही तेच. कॅलामाइन लोशन आणि सनस्क्रीनमधलं झिंक ऑक्साइड ज्या जस्तापासून होतं, त्याच्या खनिजाशेजारी शिशाचं खनिज बसलेलं असतं. राजस्थानात उदयपूरजवळच्या झावरच्या खाणी मुळात जस्त आणि शिसं दोन्हींच्या. कॅडमियमही जस्ताबरोबरच येतं. म्हणून झिंक ऑक्साइड 'कोणत्या ग्रेडचं' हा प्रश्न महत्त्वाचा. टायर आणि रंगाच्या कारखान्यांना जे जातं ते स्वस्त असतं आणि दिसायला तितकंच पांढरंशुभ्र. तोंडाला लावायचं ते आयपी ग्रेडचं, म्हणजे भारतीय औषधकोशाच्या कसोट्यांना उतरलेलं हवं.

मातीचा तर गुणच तिचा दोष आहे. मुलतानी चेहऱ्यावरचं तेल ओढून घेते म्हणून आपण ती लावतो. जमिनीत असताना पाण्यातून वाहत आलेले धातूही ती तशीच धरून ठेवते.

आणि गेरू. कुंड्या रंगवायचा, अंगणात सारवणावर ओढायचा तो गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड. लिपस्टिकमधला तांबडा-तपकिरी रंगही पुष्कळदा लोहाचंच ऑक्साइड असतो, पण तो खाणीतला नसतो, कारखान्यात लोहाच्या क्षारांपासून बनवलेला असतो. खाणीतल्या गेरूतून शिसं आणि सोमल, म्हणजे आर्सेनिक, वेगळं काढणं फार जिकिरीचं. अमेरिकेच्या नियमांत तर प्रसाधनांसाठी फक्त कृत्रिमरीत्या बनवलेलंच लोह ऑक्साइड चालतं, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. हे ऐकून भाची गप्प झाली, कारण तिच्या पाकिटावर 'नो सिंथेटिक कलर' असं हिरव्या पानाच्या चित्रासकट छापलं होतं.

आकडे किती मोठे, किती छोटे

पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग. किलोला एक मिलिग्रॅम म्हटलं की डोळ्यांसमोर येतं.

आपल्याकडे प्रसाधनांत वापरायच्या रंगांना शिसं २० पीपीएम, आर्सेनिक २ पीपीएम आणि शिसं सोडून बाकीचे जड धातू मिळून १०० पीपीएम अशी वरची मर्यादा आहे. कॅनडाची यादी मला जास्त कामाची वाटते, कारण ती तयार वस्तूलाच लागू आहे आणि धातू सुटे सुटे दिले आहेत: शिसं १०, आर्सेनिक ३, कॅडमियम ३, पारा १, अँटिमनी ५. भाचीला मी हे पाच आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवायला सांगितले. तुम्हीही ठेवा.

आता हे २० पीपीएम म्हणजे घाबरण्यासारखं आहे का? हिशेब करू. कपाळाला लावायची कुंकवाची चिमूट साधारण ५० मिलिग्रॅम धरा. त्यात २० पीपीएम शिसं असेल तर एकूण शिसं झालं १ मायक्रोग्रॅम. धड कातडीतून शिशाचे असे क्षार आत जात नाहीत म्हटलं तरी चालेल. ते जातात तोंडावाटे: हात न धुता जेवलो, ओठांचं पुसलं गेलं, मुलानं आईच्या कपाळाला हात लावून बोट चोखलं. तुलनेसाठी सांगते, लहान मुलांच्या पोटात खाण्यापिण्यातून जाणाऱ्या शिशाची दिवसाची संदर्भमर्यादा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २.२ मायक्रोग्रॅम धरली आहे.

तीच चिमूट खऱ्या शेंदराची असेल तर? शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, वजनाच्या ९० टक्के शिसं. ५० मिलिग्रॅममध्ये ४५ मिलिग्रॅम, म्हणजे ४५,००० मायक्रोग्रॅम. घाबरायचं असेल तर इथे घाबरा. दहा पीपीएमचं बारा पीपीएम झालं म्हणून झोप उडवून घेऊ नका.

कागद मागा, आणि मागितलेला वाचा

कच्चा माल विकत घेत असाल तर दुकानदाराकडे एकच गोष्ट मागायची: त्या लॉटचा सीओए, म्हणजे तपासणीचा दाखला. 'आमचा माल एक्स्पोर्ट क्वालिटीचा आहे ताई' हे उत्तर नाही. 'मागच्या वर्षीचा पाठवतो' हेही नाही.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. नोकरीतलं पाचवं-सहावं वर्ष होतं, मार्चअखेर, माल पाठवायची घाई. झिंक ऑक्साइडच्या गोण्या आल्या, सोबत सीओए होता, मी आकडे मर्यादेत आहेत एवढं बघून सही केली. पुढे राखून ठेवलेल्या सॅम्पलची सहज तपासणी केली तर शिसं मर्यादेच्या कितीतरी वर. दाखला पुन्हा काढून बघितला. आधीच्या तीन लॉटचे दाखले शेजारी ठेवले. चारही कागदांवर ओलाव्याचा आकडा तोच, शिशाचा तोच, दशांशासकट. बदलली होती ती फक्त तारीख, आणि तीही झेरॉक्सवर पांढरी शाई लावून. चारशे किलो तयार माल अडकला. बाजारात गेला नाही हे नशीब, पण सही माझी होती.

तेव्हापासून मी दाखला असा वाचते. आधी लॉट नंबर बघते आणि गोणीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवते. मग मागचा दाखला असेल तर तो शेजारी. निसर्गातून आलेल्या मालाचे आकडे दर खेपेला थोडे हलतात. हलत नसतील तर कुणी तपासलंच नाही. मग तपासणी कुठे झाली ते. विकणाऱ्याच्या स्वतःच्या लॅबचा दाखला वाईट असतो असं नाही, पण एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या बाहेरच्या लॅबचा निदान वर्षातून एक तरी दाखवता आला पाहिजे.

नंतर खरी गंमत सुरू होते. शिशासमोर 'आढळले नाही' असं लिहिलेलं असतं आणि आपण खूश. पण कोणत्या पद्धतीनं आणि किती बारीक शोधलं? पन्नास पीपीएमच्या खाली ज्या पद्धतीला दिसतच नाही, तिनं वीस पीपीएम शोधलं तर 'आढळले नाही' येणारच. दाखल्यावर पद्धत आणि शोधमर्यादा दोन्ही हवीत. आयसीपी-एमएस, म्हणजे धातूंचं अगदी बारीक प्रमाणही मोजणारी पद्धत, लिहिलेली असेल तर उत्तम. आणखी एक प्रश्न विचारा, ऐकणारा जरा चपापेल: नमुना पूर्ण विरघळवून 'टोटल' मोजलं की नुसत्या नायट्रिक आम्लात जेवढं उतरलं तेवढंच? माती आणि अभ्रक हे सिलिकेट आहेत. नायट्रिकमध्ये ते पूर्ण विरघळत नाहीत. त्याला हायड्रोफ्लुओरिक आम्ल लागतं, आणि ते हाताळायला लॅब नाखूश असतात. त्यामुळे एकाच मातीचे दोन लॅबचे दोन आकडे येतात आणि दोन्ही खरे असतात.

संगजिऱ्यात अ‍ॅस्बेस्टॉस शोधण्याची कथा याहून बोलकी आहे. १९७६ साली अमेरिकेतल्या प्रसाधन उद्योगानं स्वतःच एक पद्धत ठरवली, क्ष-किरणांची. तिला अर्ध्या टक्क्याच्या खालचं अ‍ॅस्बेस्टॉस नीट दिसत नाही. अर्धा टक्का म्हणजे किलोत पाच ग्रॅम. त्या चाळणीतून पार झालेल्या मालावर पुढे कित्येक वर्षं 'अ‍ॅस्बेस्टॉस नाही' असा शिक्का बसत राहिला. २०१९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं मेकअपच्या वस्तू तपासून घेतल्या तेव्हा काहींत, अगदी मुलींसाठी विकल्या जाणाऱ्या वस्तूंतही, अ‍ॅस्बेस्टॉस निघालं. म्हणून संगजिऱ्याच्या दाखल्यावर सूक्ष्मदर्शकाची तपासणी, शक्यतो टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची), लिहिलेली आहे का ते बघा.

स्वतः तपासून घ्यायचं ठरवलंत तर नमुना नीट काढा. लॅब फक्त तुम्ही दिलेली पुडी तपासते, गोणी नाही. वरच्या वर चमचाभर काढून दिलं तर पैसे पाण्यात. मी भाचीला हे व्हिडिओ कॉलवर करून दाखवलं. तोंडाला मास्क, पंखा बंद. कोरडी स्वच्छ स्टीलची परात. पाकिटाच्या वरून, मधून, तळातून आणि दोन्ही कडांतून अशी पाच ठिकाणची माती परातीत घेतली, उलथन्यानं हलकेच एकत्र केली. मग तिचा ढीग केला आणि तो वरून दाबून भाकरीएवढा सपाट केला. पट्टीनं त्यावर अधिकची खूण करून चार चतकोर पाडले. समोरासमोरचे दोन चतकोर ठेवले, उरलेले दोन बाजूला. ठेवलेल्याचा पुन्हा ढीग, पुन्हा भाकरी, पुन्हा चतकोर. शंभरेक ग्रॅम उरेपर्यंत असं करत जायचं. तेवढंच नवीन झिपच्या पिशवीत भरायचं, वर लॉट नंबर आणि तारीख. दुसरी तशीच पिशवी स्वतःकडे ठेवायची. खाली वर्तमानपत्र अंथरायचं नाही, शाईचा रंग लागतो.

आणि ती अंगठीची चाचणी विसरा. लिपस्टिक हातावर लावा, सोन्याची अंगठी घासा, काळं झालं की शिसं आहे, असा मेसेज दर सहा महिन्यांनी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येतो. काळी रेघ घासलेल्या धातूचीच असते. रंगातले कठीण कण अंगठी खरवडतात. शिसं असो वा नसो, रेघ उमटतेच.

घरातल्या वस्तू

शेंदूर आणि कुंकू एक नाही, हे पहिलं. मारुतीला तेलात कालवून चढवतात तो शेंदूर. त्याची पुडी हातात घेतली की आकाराच्या मानानं चांगलीच जड लागते. तो देवापुरता ठेवा. भांगात भरू नका, मुलांच्या कपाळाला लावू नका, आणि देवळातून आल्यावर प्रसाद हात धुऊन खा. आमच्या आजेसासूबाई शेंदूर लावलेलं बोट पदराला पुसून त्याच हातानं नातवंडांना खडीसाखर द्यायच्या. प्रेमानंच द्यायच्या.

कुंकू मूळचं हळदीचं: हळकुंडं, लिंबाचा रस, टाकणखार. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातलं केम हे गाव कुंकवासाठीच ओळखलं जातं. पण आज बाजारातल्या बऱ्याच कुंकवात स्टार्च किंवा दगडाच्या पुडीत रंग घातलेला असतो. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली सिंदूराचे, म्हणजे भांगात-कपाळाला लावायच्या पुडीचे, ११८ नमुने तपासले, त्यांतले ९५ न्यू जर्सीतल्या दुकानांतले आणि २३ मुंबई-दिल्लीतले. बहुतेकांत थोडंफार शिसं होतं, आणि भारतातल्या नमुन्यांपैकी ४३ टक्क्यांत ते २० पीपीएमच्या वर होतं. यातून मी काढलेला अर्थ एवढाच, की सुटं कुंकू घेऊ नका. बंद डबी घ्या. तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता, बॅच नंबर, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी हवी. हळदी-कुंकवाला घाऊक पुड्या आणतो ना आपण, वाण म्हणून वाटायला? त्या पुड्यांवर यातलं काही नसतं.

सुरमा तर सरळ सांगते, दगडी खडा कुटून केलेला असेल तर वापरूच नका. जुन्या काळी अँटिमनीचं खनिज वापरत म्हणतात, पण चमकदार करडा खडा बहुधा गॅलेना असतो, शिशाचं सल्फाइड, ज्यात वजनाच्या ८६ टक्के शिसं. अमेरिकेत असा सुरमा विकायलाच बंदी आहे. हजहून आणलेला आहे, मदिनेचा आहे म्हणून तो बदलत नाही.

काजळ वेगळं. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेली काजळी ही काजळीच, तिच्यात खनिज नाही. ती तांब्याच्या किंवा स्टीलच्या वाटीवर धरा, जुन्या पितळेच्या नको, पितळेत शिसं असू शकतं. बाळाच्या डोळ्यांत मात्र हेही घालू नका. बोटाची घाण जाते आणि अश्रूंची नळी तुंबते. तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा, दृष्ट तिथेही लागत नाही.

पावडरबद्दल मी बाळंतिणींना एकच सांगते: बाळाला नको. अ‍ॅस्बेस्टॉस असो-नसो, उडणारी पूड बाळाच्या छातीत जाते. जॉन्सनची जी टाल्कची बेबी पावडर आपण सगळे लावून मोठे झालो, ती कंपनीनं २०२० मध्ये अमेरिका-कॅनडात आणि २०२३ मध्ये जगभर बंद करून कॉर्नस्टार्चची आणली. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं टाल्कला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. ही वर्गवारी पुराव्याच्या बळाची असते, धोक्याच्या मापाची नसते. मोठ्यांनी लावायचीच असेल तर तळहातावर घेऊन मानेला चोळावी, गुप्तांगांजवळ नको. डबा हलवून खोलीभर ढग करण्याची आपली जी उन्हाळी पद्धत आहे, ती सोडा.

मुलतानी: ढेकूळ आणून घरी कुटत असाल तर कुटायच्या आधी ओली करा. भिजली की आपोआप फुटते, मिक्सरला लावायची गरजच नसते. कोरड्या कुटण्यात क्वार्ट्‌झची बारीक धूळ उडते, फुप्फुसाला ती वाईट. मातीत जंतूंचे बीजाणूही असतात, धनुर्वाताचेसुद्धा. फोड फुटलेला असेल, वॅक्सिंग नुकतंच झालं असेल, कुठे खरचटलं असेल तर माती नको, आणि बाळाच्या नाळेजवळ तर मुळीच नको. प्रसाधनासाठी विकली जाणारी चांगली माती उष्णतेनं किंवा गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेली असते. तसं पाकिटावर किंवा दाखल्यावर लिहिलेलं असतं. जाता जाता: डोहाळे लागले म्हणून भाजकी माती खाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. लावायची माती कधीही पोटात घालू नका, गरोदरपणात तर नकोच. शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं.

चमकणारी पूड म्हणजे बहुतेक वेळा अभ्रक, त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर. घटकांच्या यादीत सी.आय. (कलर इंडेक्स, म्हणजे रंगाचा क्रमांक) ७७०१९ म्हणजे अभ्रक, सी.आय. ७७८९१ म्हणजे टायटॅनियम, सी.आय. ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ म्हणजे लाल, पिवळं, काळं लोह ऑक्साइड. ७७ नं सुरू होणारा आकडा दिसला की खनिज रंग समजावा. भाचीच्या डबीवर एकही आकडा नव्हता, नुसतं 'शिमर डस्ट, क्राफ्ट ग्रेड'. क्राफ्ट ग्रेड म्हणजे मेणबत्तीत आणि रेझिनच्या ट्रेमध्ये घालायचं. ओठांवर नाही. अभ्रकाबद्दल आणखी एक सल आहे, झारखंडात कोडरमा-गिरिडीहच्या पडक्या खाणींत ते वेचणाऱ्यांत लहान मुलं असतात. ते कुठल्याच सीओएवर येत नाही.

गोरं करणारी क्रीमं मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तिथे अपघात नाही. पारा त्यात जाणूनबुजून घालतात. रंग झटपट उजळतो तो त्यानंच. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना मूत्रपिंडाचा आजार झाला आणि मुंबईच्या केईएममधल्या तपासणीत त्यांच्या क्रीममध्ये पारा निघाला, ही बातमी २०२३ च्या सुरुवातीला आपण सगळ्यांनी वाचली. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत एक खास खूण सापडली, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीमं वापरत होते. पाऱ्याचा वापर रोखण्यासाठीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानं १ पीपीएमपेक्षा जास्त पारा असलेली प्रसाधनं २०२० नंतर बंद ठरवली, आणि २०२३ च्या बैठकीत ती १ पीपीएमची फटही बुजवायचं ठरलं. तरी पार्लरमधून बिनलेबलची डबी येतेच. लेबल असेल तर कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक, मर्क्युरिओ हे शब्द शोधा. 'सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लावू नये' अशी सूचना असेल तर ती डबी तिथेच ठेवून या. आणि आई लावते म्हणून मुलं सुरक्षित असं नाही. टॉवेल, उशीचे अभ्रे आणि वाफ यांतून पारा घरभर जातो.

करून विकणार असाल तर

परवान्याचं आधी बघा. २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सखाली प्रसाधन बनवून विकायला राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून परवाना लागतो, आपल्याकडे तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. बचत गटाचं आहे, घरगुती आहे, दिवाळीपुरतं आहे, यातलं काही म्हणून तो माफ होत नाही. स्वतःचा परवाना जड जात असेल तर परवाना असलेल्या कारखान्यात करून घेण्याचीही सोय नियमांत आहे.

कामाच्या वेळी एन-९५ मास्क. कापडी मास्क दगडाच्या पुडीला पुरत नाही. ओटा कोरड्यानं झाडायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचा. या कामाची चाळण, वाट्या, मिक्सरचं भांडं स्वयंपाकापासून वेगळं ठेवा आणि त्यांवर रंगानं खूण करा, नाहीतर संक्रांतीला तीळ त्याच भांड्यात कुटले जातील. एका वहीत तारीख, कुठला लॉट, किती ग्रॅम, कुणाला दिलं हे लिहा आणि प्रत्येक घाण्यातली दोन चमचे पूड बरणीत राखून ठेवा. तक्रार आली तर हीच बरणी तुमच्या बाजूनं बोलते, किंवा विरुद्ध.

एखादी वस्तू बरेच दिवस वापरली आणि आता शंका येत असेल तर वापर थांबवा, पण डबी फेकू नका. झाकण लावून पिशवीत ठेवा, तपासायला तीच लागेल. मुलांच्या बाबतीत डॉक्टरांना सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. अमेरिकेत मुलांसाठी ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर हा सावध व्हायचा आकडा धरतात. गोरं करणारं क्रीम लावत होता आणि पायावर सूज आली, लघवीला फेस येतो आहे, तर लघवीतल्या प्रथिनांची आणि पाऱ्याची तपासणी, आणि डॉक्टरांना क्रीमचं नाव लाज न बाळगता सांगायचं.

भाचीच्या मातीचं काय झालं? पांढरी ठीक निघाली. लाल मातीत शिसं ३८ पीपीएम. विकणाऱ्याला तिनं रिपोर्ट पाठवला, त्याचं उत्तर आलं, 'मॅडम, बाहेरून लावायला चालते.' पैसे परत मिळाले नाहीत. चंदेरी डबी शेजारच्या मेणबत्त्या करणाऱ्या काकूंना दिली. ओठांच्या रंगासाठी आता ती कारखान्यात बनलेलं लोह ऑक्साइड घेते. परवा तिनं त्याच्या दाखल्याचा फोटो पाठवला. लॉट नंबर जुळतो, पद्धत लिहिलेली आहे, शोधमर्यादाही आहे. मी फक्त एवढंच कळवलं, "मागच्या लॉटचाही पाठव, शेजारी ठेवून बघते."